‘धावू नका’ लिहिण्याआधी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, आणि तिच्या आधीच्या दोन महिन्यांत आपल्या दवाखान्यांत एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची वर्दळ वाढते. वय पंचेचाळीस ते साठ. वजन थोडे जास्त. जिना उतरताना गुडघा दुखतो. दमा लहानपणापासूनचा, नाहीतर अलीकडेच निदान झालेला. सोसायटीतल्या मंडळींबरोबर ड्रीम रनसाठी नाव दिलेले असते आणि प्रश्न एकच असतो: मी पळू का? अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून पळण्याला मनाई केलेली असते. छातीच्या डॉक्टरांनी व्यायाम करा, पण जपून, असे सांगितलेले असते. जपून म्हणजे किती, कुठे आणि केव्हा हे कोणत्याच कागदावर नसते. तो माणूस दोन्ही कागद घेऊन आपल्यापुढे, म्हणजे फिजिओथेरपिस्टपुढे, येऊन बसतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आपलीच आहे, असे मला ठामपणे वाटते. सांधा हाताने तपासणारे आणि रुग्णाला चालवून त्याचा श्वास पाहणारे आपणच असतो. मात्र हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले नाहीत, तर आपले उत्तरही तितकेच अपुरे राहील.

पहिली गोष्ट औषधांची. गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, कित्येकदा औषधाच्या दुकानातून परस्पर आणून. दमा असलेल्या प्रौढांपैकी शंभरात साधारण सात जणांना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच गटातल्या या वेदनाशामकांनी दम्याचा झटका येऊ शकतो, आणि तो कधी कधी फार तीव्र असतो. नाक सतत चोंदलेले, नाकात मांसाच्या गाठी, वास येत नाही, अशी तक्रार असेल तर संशय अधिक घ्यावा. पळायला निघण्यापूर्वी ‘एक गोळी घेऊन ठेवतो’ म्हणणारा दमेकरी आपल्याला थांबवता आला पाहिजे. गोळीमुळे दुखणे झाकले जाते, आणि किती पळायचे हे ज्या दुखण्यावरून ठरवायचे तेच कळेनासे होते, हे तर आहेच.

आता उलट बाजू. ज्याला दम्याच्या प्रत्येक झटक्याला स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स मिळाला आहे, त्याच्या हाडांचा विचार कोण करतो? वारंवार घेतलेल्या स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात, आणि काहींच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मृत होतो. कोविडनंतर असे रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून स्टिरॉइडचा इतिहास, जांघेत दुखणे आणि खुबा आत वळवताना अडणे या तीन गोष्टी एकत्र आढळल्या, तर एमआरआय होईपर्यंत पळणे बंद. अशा रुग्णाला ‘मांडीचे स्नायू आखडलेत’ म्हणून ताणाचे व्यायाम देऊन ट्रॅकवर पाठवणे ही फार महागात पडणारी चूक ठरते.

तिसरा दुवा संधिवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा. हा आजार सांध्यांपुरता राहत नाही. काही रुग्णांच्या फुप्फुसांच्या ऊतींमध्येही तो शिरतो, आणि क्वचित मेथोट्रेक्सेटनेही फुप्फुसाला सूज येते. कोरडा खोकला आणि चढावर लागणारी धाप हे रुग्ण ‘सवय गेली’ म्हणून सोडून देतात. आपण त्यांना बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालवावे. बसलेले असताना ९७ असणारा आकडा चालताना चार किंवा त्याहून जास्त टक्क्यांनी घसरला, तर हा रुग्ण त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेला पाहिजे.

धाप लागण्याचे कारण छातीत नसते अशाही वेळा येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. हिमोग्लोबिन न पाहता कोणाही बाईच्या हाती पंप येऊ नये. मधुमेही माणसाचा हृदयविकारही छातीत न दुखता केवळ दमल्यासारखे वाटून प्रकट होऊ शकतो, आणि झोपवून काढलेला कार्डिओग्राम ठीक आला म्हणून तो धावायला मोकळा झाला असे होत नाही.

हे सगळे पाहून झाल्यावर जे बहुसंख्य उरतात, त्यांना मात्र ‘पळू नका’ सांगायला आपल्याकडे फारसा आधार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात खुबा किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के. या आकड्यांवरून धावण्याने झीज टळते असे म्हणता येणार नाही. ज्यांचे सांधे दुखतात ते आधीच धावणे सोडतात, हेही त्यात मिसळलेले आहे. पण पळाल्याने गुडघे झिजतातच, हा घरोघरी ऐकू येणारा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. आधीच झीज असलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांचा अभ्यास २०१८ साली आला. आपल्याला झेपेल तेवढेच, स्वतःच्या मर्जीने धावणाऱ्यांची झीज न धावणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढलेली त्यात दिसली नाही. ‘झेपेल तेवढेच’ या अटीकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही.

किती झेपते हे एक्स-रे सांगत नाही. सांधा गरम आहे का, पाणी साठले आहे का, मधेच अडकतो किंवा दगा देतो का, हे पाहावे. यांपैकी काही असेल तर पळणे पुढे ढकलावे. नसेल, आणि अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत नसेल, तर सुरुवात करायला हरकत नाही. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दोनपर्यंतचे दुखणे निर्धोक, पाचपर्यंतचे चालण्याजोगे, पण चोवीस तासांत ते पूर्ववत झाले पाहिजे, हा नियम रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून द्यावा: उद्या सकाळी संडासला बसताना-उठताना, जिना उतरताना गुडघा कालच्यासारखाच वाटला पाहिजे. जास्त दुखला तर पुढची खेप निम्मी.

नवख्यांसाठी जगभर चालणारा नऊ आठवड्यांचा ‘काउच टू फाइव्ह के’ कार्यक्रम साठ सेकंद पळणे आणि नव्वद सेकंद चालणे असा सुरू होतो. आपल्या या रुग्णांसाठी मी तीस सेकंद पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुचवेन, एक दिवसाआड, आणि मधल्या दिवशी मांडीच्या व पोटरीच्या ताकदीचे व्यायाम. दर आठवड्याला दहा टक्केच वाढ, या नियमावर मात्र फार विसंबू नये. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवख्या धावणाऱ्यांच्या एका गटाला आठ आठवड्यांचा आणि दुसऱ्याला तेरा आठवड्यांचा, सावकाश वाढणारा कार्यक्रम दिला, तेव्हा दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. कॅलेंडरपेक्षा दुसऱ्या दिवशीचा गुडघा जास्त खरे सांगतो. पावले लहान आणि जलद टाकायला शिकवणे हा हमखास उपयोगी पडणारा उपाय आहे. त्याच वेगात पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार लक्षणीय कमी होतो. पुण्यातल्या मंडळींना एवढेच सांगावे, की टेकडी चालायला ठेवा आणि पळायला सपाट जागा शोधा. उतारावर वाटीमागचा दाब सर्वाधिक असतो.

दम्याच्या बाबतीत आपली खरी गफलत वेळेची होते. पळताना श्वास जोरात चालतो, श्वासनलिकांतला ओलावा उडून जातो, आणि त्यामुळे त्या आकसतात. हे आकसणे बहुधा पळणे थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत कळसाला पोचते. आपले धावणारे गट नेमके तेव्हाच पांगतात. कोणी पोह्यांच्या गाडीकडे जातो, कोणी गार वाऱ्यात स्कूटरवर घरी निघतो, आणि छातीतली घरघर एकटा असताना सुरू होते. म्हणून पळून झाल्यावर पंधरा मिनिटे सगळ्यांनी एकत्र, हळूहळू चालत राहावे, असा दंडक प्रत्येक प्रशिक्षकाने घालावा. सुरुवातीलाही दहा-पंधरा मिनिटे शरीर तापवावे आणि त्यात थोडा वेग वाढवून पुन्हा कमी करावा. अनेकांना त्यामुळे पुढचे तास-दोन तास श्वासनलिका आकसण्यापासून संरक्षण मिळते.

आणि पंप. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य ऐकून आपण गप्प बसता कामा नये. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. लोक निर्धास्तपणे घेतात त्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट. पंप ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखता येतो का, स्पेसर वापरतात का, हे आपण समोर करून पाहावे. मात्र पळण्याआधी नुसता निळा पंप मारायचा आणि रोजचे औषध सोडायचे, हेही धोक्याचे आहे. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना केवळ अशा तात्पुरत्या पंपावर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. रात्री खोकल्याने जाग येत असेल किंवा आठवड्यात अनेकदा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. तो आधी आटोक्यात आणावा, पळणे नंतर.

हवेबद्दलही आपला एक लाडका समज मोडायला हवा. पहाटेची हवा शुद्ध, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. थंडीत शहरांमध्ये जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, रात्रभराचा धूर आणि पेटवलेल्या कचऱ्याची काजळी तिथेच साचून राहते, आणि पहाटे पाच वाजता आपला दमेकरी त्यातच खोल श्वास घेत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात १०१ ते २०० या पट्ट्याला ‘मध्यम’ म्हटले आहे, पण फुप्फुसांचे आजार असलेल्यांना या पट्ट्यातही श्वासाचा त्रास होऊ शकतो, असे मंडळच सांगते. पुण्याच्या आणि मुंबईच्या हवेचे आकडे ‘सफर’वर रोज मिळतात. आकडा २०० च्या पुढे गेला की त्या दिवशी घरात जागच्या जागी व्यायाम. एरवी ऊन चढल्यावर किंवा दुपार कलताना, मोठ्या रस्त्यापासून लांब पळावे. पावसाळ्यानंतर मोकळ्या जागांवर गाजर गवत फुलते, आणि ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांनी मैदान बदलावे.

माझी विनंती आहे की या महिन्यापासून प्रत्येक अशा रुग्णाला एक पानभर लेखी चिठ्ठी द्यावी. किती सेकंद पळायचे आणि किती चालायचे, दुखण्याचा कोणता आकडा चालेल, पंप कधी घ्यायचा, कोणत्या गोळ्या टाळायच्या, कोणत्या हवेत घरी थांबायचे, आणि कशासाठी त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठायचा: छातीत दाब, चक्कर, पंप घेऊनही न उतरणारी धाप, अचानक सुजलेला सांधा. तिची एक प्रत अस्थिरोगतज्ज्ञांकडे आणि एक छातीच्या डॉक्टरांकडे जावी, खाली आपला फोन नंबर लिहून.