कोबा फोडताना

गेल्या महिन्यात गावाकडच्या घराचा कोबा फोडला. फरशी बसवायची होती. बीड जिल्ह्यातलं आमचं ते घर जुनं, माळवदाचं; ओसरीत तेवढा आजोबांनी कोबा केलेला. मिस्त्रीनं सकाळी सातला घण घालायला घेतला, तो दुपारी दोनपर्यंत. "पक्काय हो," असं तो दर अर्ध्या तासानं म्हणे. कौतुक होतं की वैताग, कळेना.

त्याच दिवशी अडगळीत मोगरी सापडली. बाभळीची, हातभर लांब. दांडा घामानं काळा पडलेला, डोकं एका अंगानं झिजून चपटं झालेलं. आईनं पदरानं धूळ पुसली. "हिनंच तीळ झोडलेत, गोधड्या धुतल्यात, दावणीचे खुंटेबी ठोकलेत."

मला कोब्याचीच गंमत वाटत होती. कोबा हे मुळात जमिनीचं नावच नव्हे. फारसीत 'कोबीदन' म्हणजे कुटणं, ठोकणं, आणि कोबा म्हणजे ज्यानं ठोकायचं ते. चुना आणि विटांचा चुरा अंथरायचा, बायकांनी ओळीनं बसून तो लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस ठोकायचा. ठोकणं संपलं की हत्यार घरी जायचं. नाव जमिनीतच राहून गेलं. सिमेंटच्या कोब्याला आता कोण ठोकतंय? तरी तो कोबाच. पुण्या-मुंबईत गच्ची गळू नये म्हणून 'ब्रिकबॅट कोबा' घालतात, म्हणजे इंग्रजी विटेला फारसी मोगरी. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे असले शब्द परके आहेत हेच आम्हाला कळत नाही. तंबूच्या मेखा ठोकायच्या मोगरीला 'मेखसू' म्हणत. त्यातली मेखही फारसीच.

मोगरी मात्र संस्कृत घराण्यातली. मुद्गर, प्राकृतात मोग्गर, आपल्याकडे मोगर, आणि धाकटी ती मोगरी. तालमीत फिरवतात तो मुद्गल हिचाच भाऊबंद. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'भज गोविन्दम्'चं दुसरं नाव 'मोहमुद्गर', मोहाच्या टाळक्यात घालायची मोगरीच म्हणा ना. (आम्ही वर्तमानपत्रवाले 'कारवाईचा बडगा' उगारतो, तसलं काहीतरी. खरा बडगा हातात न धरता तो मीही कितीदा उगारलाय.)

आणि मोगऱ्याचं फूल? संस्कृत कोशांत मुद्गर ह्या एकाच शब्दाखाली हत्यारही आहे आणि फूलही. कळी देठासकट समोर धरून पाहा: बारीक दांडा, वर टपोरं डोकं. मला तरी नावाचं कारण तिथंच दिसतं. आईला हे सांगितलं, तर ती हातातल्या मोगरीकडे पाहून म्हणाली, "गोधड्या बडवायची न् गजऱ्यातली एकच? कायबी सांगतोस!"

दुसऱ्या दिवशी फरशी बसायला लागली. मिस्त्री रबरी हातोडीनं एकेक फरशी हलकेच ठोकत, पातळी बघत पुढं सरकत होता. तिसऱ्या ओळीत हातोडीचं डोकं दांड्यातून निसटलं आणि टणाटण उड्या मारत अंगणात गेलं. ते दोनदा बसवून पाहिलं, दोन्हीदा निघालं. मग त्यानं गळ्यातलं फडकं सोडलं आणि आईपुढं हात केला.

"काकू, ती मोगरी द्या बरं जरा."