प्लाझ्मा, फॉरवर्ड आणि बेझ

एप्रिल २०२१ आठवतोय? सातारा काय, सांगली काय, प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज : 'प्लाझ्मा हवाय, अर्जंट!' आपणही फॉरवर्ड केला. लोक रात्री-अपरात्री डोनर शोधत फिरले. पण आयसीएमआरच्या ४६४ रुग्णांवरच्या चाचणीत प्लाझ्माने मृत्यू कमी झाले नव्हते, आणि हे २०२० मध्येच छापून आलं होतं. 'रेमॅप-कॅप' या आंतरराष्ट्रीय चाचणीत बेझची पद्धत होती. आधी अंदाज धरायचा, आकडे येतील तसा तो बदलत जायचा. जानेवारी २०२१ मध्येच त्यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी प्लाझ्मा थांबवला. आपल्याकडे तो अधिकृत उपचारांतून निघाला मे महिन्यात! आणि आपण बेझचं प्रमेय पाठ करतो ते पिशवीतल्या लाल-काळ्या चेंडूंवर, मार्कांपुरतं. पुढच्या तासाला चेंडू राहू द्या, सरांना म्हणा, हा प्लाझ्मा सोडवून दाखवा.