कात्रण फिरले, मुदत गेली

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मध्यंतरी एका दैनिकातील कात्रणाचा फोटो आला. गावाकडच्या जमिनीसंबंधीची जाहीर सूचना होती. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, असा मजकूर होता. गटात चार दिवस जोरदार चर्चा झाली. कोणी सरकारला बोल लावले, कोणी पत्रकारांना, कोणी आमदाराला. कात्रण गिरगावातून डोंबिवलीला, तिथून दुबईला आणि फिरून पेडण्याला पोहोचले. पाचव्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "अरे, ह्याच्यावर तारीख कुठे आहे?" फोटो काढणाऱ्याने वरची ओळ कापली होती. चौकशी केली तेव्हा कळले की सूचना दीड महिन्यापूर्वीची आहे. आमच्या गटात पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतली माणसे आहेत. इतके बोललो, पण त्या कार्यालयात आमच्यापैकी एकाचीही हरकत पोहोचली नव्हती.

त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हाला सतावतो आहे. वृत्तपत्रे आणि लोकमत यांच्या जोरावर सरकार हलते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोव्यात ते खरेही ठरले आहे. मग सरकार नेमके कधी हलले आणि कधी नाही? आपल्या दोन तालुक्यांच्या अनुभवातून याचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख.

पोर्तुगीज अमदानीत हा प्रश्नच नव्हता. सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्राचा मजकूर आधी तपासनिसाच्या हाताखालून जाई आणि मगच छापला जाई. त्या काळात गोव्यातल्या लोकांना खरी बातमी मिळे ती सीमेपलीकडून. १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलात लपवलेल्या ट्रान्समीटरवरून गोवा मुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवले. आंबोलीच्या परिसरातूनही ते चाले. आंबोली पेडण्यापासून फार दूर नाही. दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ते ऐकणारी पिढी आपल्यातून आता जवळजवळ गेली. लोकमत तेव्हाही होतेच, पण ते नोंदवायला जागा नव्हती. ती जागा १९ डिसेंबर १९६१ नंतर मिळाली.

आणि मिळाली तेव्हा ती भरपूर वापरली गेली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाइतका वृत्तपत्रांचा जोर गोव्याने कदाचित पुन्हा पाहिला नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पाने अशी चिन्हे होती. पणजीहून निघणारा 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता, तर मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील 'राष्ट्रमत'मध्ये उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर येई आणि त्यावर तिठ्यातिठ्यांवर वाद होत. विशेष हे की दोन्ही पत्रे मराठीच होती. महाराष्ट्रात जाऊ नये, हा युक्तिवादही लोकांनी मराठीतूनच वाचला.

निकाल आपल्याला ठाऊक आहे. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांचा कल मात्र फुलाकडे होता. म्हणजे आपले तालुके त्या दिवशी हरलेल्या बाजूला होते. आमच्यातल्या काही घरांत ती सल अजून आहे. काहींना आज वाटते की झाले ते बरेच झाले. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. आम्हाला त्या घटनेतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. प्रश्न एकच होता, तारीख ठरलेली होती आणि चिन्हे निरक्षरालाही कळतील अशी होती. तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर मतदारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले आणि प्रत्येक मत मोजले गेले. वृत्तपत्रांनी लोकांना पेटवले, पण निर्णय झाला तो मोजणीने. त्यामुळे हरलेल्यांनीही तो मान्य केला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि कौल हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. विलीनीकरण नको, पण सरकार भाऊंचेच हवे, असे दोन प्रश्नांना दोन उत्तरे देण्याइतका गोव्याचा मतदार शहाणा होता.

आज आपल्यासमोर तसा एक मोठा प्रश्न नाही. छोटे छोटे शंभर प्रश्न आहेत, आणि त्यातला प्रत्येक एखाद्या सर्व्हे नंबरात दडलेला आहे. फुलाला की पानांना, असे विचारायला कोणी दारात येत नाही. सूचना राजपत्रात येते, पंचायतीच्या फळ्यावर लागते, दैनिकाच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापली जाते, आणि मुदत सुरू होते.

जिथे लोकांनी वेळेत हालचाल केली, तिथे सरकार मागे हटलेले आपण पाहिले आहे. प्रादेशिक आराखडा २०११ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. शेती, डोंगर, किनारे बांधकामाला खुले होत असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले, वृत्तपत्रांनी नकाशे समजावून सांगितले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा रद्द करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये पेडणे तालुक्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला, तेव्हाही तेच झाले. गावोगावी बैठका झाल्या, हरकती गेल्या, स्थानिक आमदारांनाही लोकांच्या बाजूने बोलावे लागले. सरकारने मसुदा बाजूला ठेवला. दोन्ही वेळा आराखडा लोकांच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून त्यावर बोलता आले.

याउलट त्याच २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे उपकलम आले. आराखड्यातली चूक किंवा विसंगती दुरुस्त करायची, असे त्याचे नाव. त्याखाली एकेका भूखंडाचा झोन बदलला जाई आणि आधी लोकांची हरकत मागवायची तरतूद त्यात नव्हती. बदल झाल्यावर राजपत्रात कळे. अशा ठिकाणी वृत्तपत्र कितीही धीट असले तरी झालेल्या गोष्टीचीच बातमी देऊ शकते. त्या कलमाखालचे नियम अखेर १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्दबातल ठरवले. लोक न्यायालयात गेले म्हणून ते झाले. २०२४ मध्ये आलेल्या ३९ अ कलमात तीस दिवसांची मुदत ठेवली आहे. त्या कलमावर आक्षेप आहेतच. पण मुदत आहे तोवर ती वापरायची की नाही, हे आपल्याच हातात आहे.

डिचोलीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे लोकमत एक नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली घरे रातोरात अडचणीत आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा पुन्हा तेच. त्याच तालुक्यात शिरगाव, मुळगाव, मये येथे खाणीच्या मातीने शेते बुजल्याची आणि विहिरी आटल्याची तक्रार वर्षानुवर्षे आहे. एकाच घरात एक भाऊ ट्रकवर आणि दुसरा शेतात, अशी उदाहरणे आम्हाला माहीत आहेत. अशा वेळी 'डिचोलीचे लोकमत खाणीच्या बाजूने' किंवा 'विरोधात' असा मथळा निम्म्या घराचेच सांगतो.

वृत्तपत्रांविषयी इथे स्पष्ट बोलायला हवे. गोव्याची मोठी दैनिके बऱ्याच अंशी खाण उद्योगातल्या घराण्यांच्या भांडवलावर उभी राहिली. 'गोमन्तक' चौगुल्यांनी काढला, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंपे उद्योगसमूहाची. त्यांनी गोव्याला वाचायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. पण वाचकाने मालक कोण, जाहिरात कोणाची, हे मनात ठेवून वाचावे. आज सरकारी जाहिरातीवाचून छोट्या पत्राचा महिना सरत नाही, हेही लक्षात ठेवावे. वार्ताहराला दोष देणे सोपे आहे. डिचोलीसारख्या ठिकाणी एकटा माणूस नगरपालिका, पोलीस, जत्रा आणि खाण असे सारेच सांभाळतो.

म्हणूनच जनसुनावणीला आम्ही फार महत्त्व देतो. डिचोलीच्या नव्या खनिज ब्लॉकसाठी २०२३ मध्ये ती झाली, तेव्हा घरे, देवळे, शेते लिजाच्या हद्दीतून वगळा, अशी मागणी गावकऱ्यांनी मांडली. पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील दैनिकात द्यावीच लागते. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. सारे कामकाज चित्रित होते आणि शेवटी त्याचा गोषवारा उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा लागतो. सुनावणीला कोरमची अट नाही. दहाच माणसे आली तरी ती पूर्ण धरली जाते. ज्यांचा संबंध पोहोचतो त्यांना लेखी म्हणणेही पाठवता येते. म्हणजे मुंबईत बसलेल्या आपल्यालाही.

अशी नोंद वाया जात नाही, याचे उदाहरण पेडण्यातच आहे. मोपा विमानतळाची पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली. प्रक्रियेत ज्या उणिवा दाखवल्या गेल्या, त्यांत लोकांच्या आक्षेपांची नीट दखल न घेणे हाही मुद्दा होता. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी जादा अटींसह स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. आमच्यापैकी अनेक जण चवथीला आता तिथेच उतरतात आणि सोय झाली म्हणून खूशही असतात. ज्यांच्या काजूच्या बागा गेल्या त्यांच्या घरी जेवायला बसल्यावर बोलणे जपून करावे लागते. विमानतळ व्हावा की नको यावर आमच्यात एकमत नाही. पण सुनावणीत कोणी काही बोललेच नसते, तर न्यायालयापुढे वाचायला कागद नसता आणि त्या जादा अटीही नसत्या, हे सर्वांना मान्य आहे.

तेव्हा आम्ही मंडळात एक साधी व्यवस्था लावली आहे. गावाकडचे तीन आणि इथले दोन सभासद आळीपाळीने रोज स्थानिक दैनिकांतल्या जाहीर सूचना आणि दर आठवड्याला राजपत्र पाहतात. आपल्या गावाचे नाव दिसले की दैनिकाचे नाव, तारीख आणि मुदतीचा शेवटचा दिवस लिहून मगच फोटो गटात टाकायचा. तारीख नसलेले कात्रण पुढे पाठवायचे नाही. हरकतीचा कच्चा मसुदा मराठीत तयार ठेवला आहे. ज्याला तो पटेल त्याने आपल्या नावाने, आपल्या शब्दांत बदलून पाठवावा. ज्याचे मत उलट असेल त्यानेही पाठवावे. पोच मात्र जपून ठेवावी.

आपल्यापैकी बहुतेकांचे नाव अजून कुठल्या ना कुठल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आहे, आजोबांच्या किंवा काकांच्या नावाखाली. त्या उताऱ्यावरच्या जमिनीचे काय होणार, हे ठरवताना सरकार आपल्या गटातली चर्चा वाचणार नाही. आलेले कागद वाचेल. गेल्या खेपेस त्या फायलीत आपला एकही कागद नव्हता. पुढची सूचना येईल तेव्हा निदान काही असावेत, एवढीच आपणा सर्वांना विनंती.