गळाला काय लागलं?

माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीन वर्षं एका बोटीचा फोटो वॉलपेपर म्हणून होता. निळं पाणी, पांढरी बोट, मावळतीचा सूर्य आणि टोकाला पाय सोडून, हातात गळ धरून बसलेला माझा कॉलेजचा मित्र. आम्ही सगळे त्याला ‘कॅप्टन’ म्हणतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून डेस्कवर पोचायचं, त्या फोटोकडे बघून एक उसासा टाकायचा आणि मग मेल उघडायचे, हे माझं रूटीन. लाइफ असावं तर असं!

यंदा कंपनीने ट्रेनिंगसाठी दोन आठवडे शिकागोला धाडलं आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी चक्क त्या वॉलपेपरमध्ये जाऊन बसलो.

पहिला धक्का म्हणजे बोट जागची हलतच नाही. शिकागोहून तासाभरावर, मिशिगन सरोवराच्या काठी ही मरीना आहे. मरीना म्हणजे बोटींचं पार्किंग म्हणा ना. लाकडी धक्के, दोन्ही बाजूंना ओळीने बोटी, प्रत्येकीची जागा ठरलेली. भाडं अख्ख्या सीझनचं आणि बोट जितके फूट लांब त्या हिशोबाने. कॅप्टनने ऑफिसातल्या तिघांबरोबर ही बोट सेकंडहँड घेतली. दुसऱ्याच वर्षी इंजिन बसलं. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर तिघांनीही हळूच अंग काढून घेतलं. तेव्हापासून बोट धक्क्याला बांधलेली.

‘‘फोटोत दोर नव्हता दिसला रे,’’ मी म्हटलं.

‘‘क्रॉप केला होता,’’ कॅप्टन म्हणाला.

आपल्याला सरोवर म्हटलं की खडकवासला आठवतो. हे प्रकरण सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक पंचमांश. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वारा सुटतो. फक्त पाणी खारट नाही. मरीनात मात्र दगडी बांधाच्या आत सगळं शांत. धक्क्याखालच्या सावलीत मासे येऊन थांबतात, त्यामुळे बांधलेल्या बोटीतूनही संध्याकाळी छान गळ टाकता येतो. माझं एका दिवसाचं लायसन्स मोबाइलवर निघालं. हो, इथे गंमत म्हणून मासे पकडायलाही लायसन्स लागतं.

मी पेठेतला. गांडूळ हातात धरायची ही पहिलीच वेळ. कॅप्टन मालवणचा. लहानपणापासून खाडीकाठी गरी टाकून बसलेला. त्यामुळे तो ‘फिशिंग’ म्हणत नाही, ‘गरवणं’ म्हणतो. त्याने मला गळाला गांडूळ लावायला शिकवलं, दोरीला लाल-पांढरा फ्लोट अडकवून दिला आणि पहिला नियम सांगितला, ‘‘आमिष तळाला टेकू द्यायचं नाही. फूटभर वर ठेवायचं. तळाला गेलं की गोबी खाणार.’’

मी अर्थातच तळाला जाऊ दिलं. दोन मिनिटांत दोरी थरथरली आणि वर आला एक बोटभर, बटबटीत डोळ्यांचा, मातकट मासा.

‘‘हो बघ, निवट्याचो चुलतभाव!’’ कॅप्टन हसला. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा आपला निवटा आणि हा राउंड गोबी खरंच दूरचे नातेवाईक आहेत. ओळख सोपी. पोटाखालचे पर जोडून झालेली चकती आणि पाठीवरच्या परावर काळा ठिपका. याच्या पोटात हवेची पिशवी नसते, म्हणून हा तळालाच राहतो.

हा मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातला. रिकामं जहाज डुलू नये म्हणून टाक्यांमध्ये पाणी भरतात. त्या पाण्यातून तो इकडे आला. १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडला आणि बघता बघता सगळ्या मोठ्या सरोवरांत पसरला. इथल्या माशांची अंडी खातो म्हणून बदनाम. जिवंत घेऊन फिरायचं नाही, दुसऱ्या पाण्यात सोडायचं नाही. बरेच गळवाले हाती लागला की मारूनच टाकतात. गंमत म्हणजे इथलाच स्मॉलमाउथ बास नावाचा मासा हेच गोबी खाऊन गुबगुबीत झालाय!

तेवढ्यात समोरून एक मोठी बोट आत आली. वरची मंडळी हातभर सामन उंच धरून फोटो काढत होती.

‘‘आणि हा इथला राजा,’’ मी म्हटलं.

‘‘कसला इथला? तोही बाहेरचाच.’’

अटलांटिककडून कालव्यांतून घुसलेल्या ॲलवाइफ नावाच्या माशाने इथे उच्छाद मांडला होता. त्याला खाणारा कुणीतरी हवा, म्हणून मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो सामन मुद्दाम सोडला. अंडी ओरेगॉनहून, पॅसिफिकच्या बाजूने आणलेली. पुढच्या वर्षी चिनूक सामनही आला. आज त्याच्यासाठी लोक पैसे मोजून बोटी भाड्याने घेतात.

‘‘एक बोलावून आणलेला, एक न बोलावता आलेला,’’ कॅप्टन पाण्याकडे बघत म्हणाला. ‘‘मी कुठला, ते एकोणीस दिवसांत कळेल.’’

मला टोटलच लागेना.

मग कळलं. त्याची नोकरी गेली होती. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी अर्ज करायला हवी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर सामान बांधा. आज एक्केचाळिसावा दिवस. घरी फक्त वहिनीला माहीत. तो रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बोटीवर येतो, दिवसभर अर्ज पाठवतो आणि संध्याकाळी गरवत बसतो. कारण तेव्हा मालवणात सकाळ झालेली असते आणि आईचा व्हिडिओ कॉल येतो. मागे बोट दिसली की तिला बरं वाटतं.

मला काय बोलावं सुचेना. आणि फोन वाजलाच.

‘‘काय गावला रे आज?’’ आईने विचारलं. त्याने माझा गोबी दाखवला. ती पोटभर हसली. मग स्क्रीनच्या जवळ येऊन बघायला लागली.

‘‘तोंड किती काळा झाला तुझा! हापिसात ऊन पडता काय रे?’’

कॅप्टन गप्प. मी उगाचच दोरी गुंडाळायला घेतली. बऱ्याच वेळाने त्याने सांगून टाकलं. नोकरी, साठ दिवस, सगळं. तिकडून फक्त अंगणातला कोंबडा ऐकू येत होता.

‘‘बोट इकलंस?’’ आईने विचारलं.

‘‘नाय गे.’’

‘‘मगे ती आधी इक. बांधलेल्या बोटीचा भाडा कित्याक भरतंस?’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘चतुर्थीक येतलंस मां?’’

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोन फ्लोट बघत बसलो. माझ्या गळाला आणखी तीन गोबी लागले. त्याच्या गळाला एक पर्च लागला. तो त्याने सोडून दिला.

हे लिहितोय तेव्हा बावन्नावा दिवस आहे. दोन इंटरव्ह्यू झालेत, एका ठिकाणचं उत्तर यायचंय. बोटीची जाहिरात त्याने टाकलीय. माझ्या कॉम्प्युटरवरचा वॉलपेपर मी बदललाय. आता तिथे जाहिरातीतला फोटो आहे. दोरासकट.