पाळीवरच्या माणसाचा भात

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून दुसरी पाळी करून मध्यरात्रीं परततात. तोंवर त्यांचा भात ओट्यावरच असतो आणि उरला तर मग फ्रिजमध्यें जातो! आमच्या मतें ही रीत उलटी आहे. शिजलेलें अन्न दोन तासांच्या आंत, उथळ भांड्यांत झांकून, ४ अंशांखालीं ठेविलें पाहिजे. थंडीनें जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहींत. आणि भातांत एकदां झालेलें कांहीं जंतूंचें विष उकळूनही जात नाहीं. कच्ची मासळी तळच्या कप्प्यांत असावी, गोठविलेल्या पदार्थांस उणे १८ अंश हवेत. चाकणच्या बाजारांतले कांदेबटाटे मात्र आंत कोंबूं नयेत. त्यांस हवेशीर टोपलीच बरी. वडिलांचा वाटा वेळींच काढून आंत ठेवण्याचें काम विद्यार्थ्यांनींच कां पत्करूं नये?