लाल रंगाखालचा बंब

लहानपणी 'आगीचा बंब' म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे यायच्या, घंटा आणि लाल रंग. (आमच्या मोरीतही एक तांब्याचा बंब होता, पण त्याच्यामागे कुणी धावत नसे!) त्यामुळे एका मित्राने नगरपालिकेचा भंगारात निघालेला बंब विकत घेतला आणि "रंगवायला येतोस का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

गाडी टाटा-मर्सिडीज-बेंझच्या चासीवरची. टाटांचा डायमलर-बेंझशी करार झाला १९५४ साली, पंधरा वर्षांसाठी. म्हणजे गाडीच्या वयाचा अंदाज तुम्हीच करा.

पहिले चार रविवार आम्ही नुसते घासत होतो. तेही पाणी लावून, वॉटर पेपरने. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, ती कोरडी धूळ नाकातोंडात जाणं वाईट. घासता घासता दारावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटली. वरचा लाल, त्याखाली जरा काळपट लाल, मग करडा प्राइमर. आणि त्या दुसऱ्या लाल थरावर चक्क पिवळी अक्षरं! कुण्या पेंटरने ब्रशने काढलेली, 'अग्निशमन'मधला 'श' किंचित कलंडलेला.

आम्ही काय केलं? एक फोटो काढला आणि अक्षरं घासून टाकली. मग लांबी भरली, प्राइमर मारला, गनने लाल रंगाचे हात दिले. नावं कॉम्प्युटरवर कापलेल्या स्टिकरची. गाडी अशी चमकायला लागली की त्यात भांग पाडावा.

मध्ये रंगावरून वादही झाला. एकजण म्हणाला, लिंबासारखा पिवळा देऊ, तो जास्त दिसतो. त्याचं खोटं नव्हतं. अंधार पडू लागला की आपल्या डोळ्यांना लाल रंग काळपट दिसतो. अमेरिकेत डॅलसच्या बंबांवर १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही पिवळसर हिरव्या गाड्यांचे अपघात लाल-पांढऱ्या गाड्यांपेक्षा कमी आढळले होते. पण ही गाडी आता आगीकडे धावणार नाही. तिचं काम आठवण ठेवायचं. तेव्हा लालच, असं मी ठासून सांगितलं. स्वतःचंच हे वाक्य मला अक्षरं घासताना का आठवलं नाही, कोण जाणे.

गाडी दाखवायला आम्ही १४ एप्रिल निवडला. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. याच गाडीवर नोकरी केलेले एक निवृत्त काका आले होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारावरून हात फिरवला.

"काका, कशी झालीय?"

"झकास. पण आमची वाटत नाही रे."

मग ते मागच्या बाजूला गेले. तिथली पायरी रंगवायची राहून गेली होती, आमच्या आळसामुळे. जाळीदार पत्र्याची नक्षी मधोमध दोन ठिकाणी झिजून सपाट झालेली. काका वाकले, पत्र्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही आमची. इथे उभे राहून जायचो." बराच वेळ तिथेच उभे होते.

तर माझं मत एवढंच, की जुनी वस्तू दुरुस्त करणं आणि तिला नवी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंज काढलाच पाहिजे, नाहीतर पत्रा राहणार नाही. रंगही हवा. पण वापराच्या खुणा म्हणजे गंज नव्हे. निदान वीतभर चौकोन जुन्या थरांसकट राखून ठेवावा, वर पारदर्शक वॉर्निश मारावं आणि बाकीची गाडी खुशाल चमकवावी. आणि घासायला बसण्याआधी त्या गाडीवर काम केलेल्या माणसाला बोलवावं. नंतर नव्हे.

दारावरची अक्षरं आता फक्त माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पायरी मात्र आम्ही तशीच ठेवलीय. यावेळी आळसाने नव्हे.