ऐच्छिक नव्हे, आवश्यक

गेल्या एप्रिलमधील गोष्ट. मालवणजवळच्या आमच्या अभ्यासिकेत जयंतीनिमित्त मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. प्रमाणपत्रे बाहेरून छापून आणण्यापेक्षा आपणच करू, असे संगणकाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या आमच्याच एका मुलीने सुचवले. "ताई, नावांची यादी तेवढी द्या. मी प्रोग्रॅम लिहिते," म्हणाली. देणगीत मिळालेला एक जुना संगणक अभ्यासिकेत आहे. त्यावर लिनक्स घातलेले आहे, कारण त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत.

प्रमाणपत्रे निघाली. पहिलेच नाव सिद्धार्थ. पण 'स'च्या आधी यायची वेलांटी 'स'च्या नंतर उभी. 'द्ध' हे जोडाक्षर तुटलेले, 'द'चा पाय मोडलेला. रफार 'थ'च्या डोक्यावर चढण्याऐवजी सुटा 'र्' होऊन बाजूला पडलेला. खाली लिहिलेल्या 'सिंधुदुर्ग' शब्दाचीही तीच गत. मुलाची आई म्हणाली, "माझ्या झिलाचा नाव असा कित्याक लिवलास गो?" पोरगी रडकुंडीला आली. "फॉन्टच वायट आसा, ताई," एवढेच म्हणाली.

फॉन्ट वाईट नव्हता. तोच लोहित देवनागरी फॉन्ट त्याच संगणकावर लिब्रे ऑफिसमध्ये लावून पाहिला, तर नाव अचूक उमटले. मग चूक कुठे? मी कारकून, शिक्षण बी. कॉम. पण अर्ज कुठल्या कागदावाचून अडतो, हे शोधण्यात माझी अर्धी नोकरी गेली. आम्ही दोघी शोधायला बसलो. जे कळले ते आपल्या घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

युनिकोड या जागतिक लिपी-संकेतात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. आधी 'स', मग ऱ्हस्व इकार. ती वेलांटी उचलून पुढे मांडणे, जोडाक्षर जुळवणे, रफार चढवणे हे काम दुसराच प्रोग्रॅम करतो. त्याचे नाव हार्फबझ. 'हर्फ' म्हणजे अक्षर. बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी तंत्रज्ञाने तो प्रामुख्याने घडवला. चित्रावर अक्षरे उमटवणाऱ्या प्रोग्रॅमला हार्फबझशी जोडून देणारा आणखी एक दुवा आहे, रक्म. मूळ अरबी शब्द. आपल्या जमाखर्चातली 'रक्कम' त्याच शब्दापासून आली.

मुलीने पायथॉन भाषेतले पिलो हे चित्रांचे साधन वापरले होते. आमच्या जुन्या ३२-बिटी यंत्रासाठी हव्या त्या आवृत्तीचे तयार पाकीट मिळाले नाही, म्हणून ते मूळ सोर्सवरून तिथेच बांधले गेले. इथेच मेख आहे. अशी बांधणी करताना इतर अनेक प्रोग्रॅम आधी हजर असावे लागतात. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात.

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. जातीचा दाखला हवा तर शाळा सोडल्याचा दाखला हवा. तोही पुरत नाही, वडिलांचा, आजोबांचा, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. एका कागदामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. लिनक्सवर तसेच. पिलोला देवनागरीसाठी रक्म हवे, रक्मला हार्फबझ हवे, शिवाय फ्राइबिडी आणि फ्रीटाइप हवे.

आता खरी गोष्ट ऐका. पिलोच्या यादीत दोन रकाने आहेत. झेडलिब आणि जेपेग हे आवश्यक. ते नसले तर बांधणी थांबते, चूक दाखवते. रक्म मात्र ऐच्छिक! ते नसले तरी बांधणी पुढे जाते आणि शेवटी 'यशस्वी' असा शेरा मिळतो. काय सापडले नाही त्याची नोंद होते, पण पिप हे स्थापना करणारे साधन बांधणी पार पडली की ती नोंद आपल्यासमोर आणत नाही. इंग्रजी नाव रक्मवाचूनही नीट उमटते. 'सिद्धार्थ' उमटत नाही. कुणी मुद्दाम केले असे नाही. सर्वांच्या गरजा सारख्या नसतात, म्हणून ती सोय वेगळी ठेवली. पण ज्याची गरज त्यानेच मागितली पाहिजे, नाहीतर यंत्र गप्प राहते आणि पोरीला वाटते की आपल्यालाच येत नाही.

उपाय साधे आहेत. पहिला, पायथॉनच्या पिलोमधील 'फीचर्स' या भागाला विचारावे, रक्म आहे का? 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असे उत्तर मिळते. आमचे 'फॉल्स' आले. दुसरा, डेबियन लिनक्सवर प्रत्येक लायब्ररीची दोन पाकिटे असतात, एक चालवण्यासाठी आणि दुसरे, नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेले, बांधणीसाठी. पहिले असून भागत नाही. मूळ दाखला घरच्या कपाटात आहे, पण अर्जाला प्रत जोडली नाही, असा तो प्रकार. रक्म, हार्फबझ, फ्राइबिडी आणि फ्रीटाइप यांची 'डेव्ह' पाकिटे घालावीत. तिसरा उपाय सर्वांत मोलाचा. बांधणीच्या वेळी पिलोला 'रक्म इनेबल' असे बजावता येते. मग ते ऐच्छिक राहत नाही. सापडले नाही तर बांधणी तिथेच थांबते आणि कारण सांगते. थांबलेले काम परवडते. चुकीचे काम यशस्वी म्हणून हातात आलेले परवडत नाही.

आणखी एक गाठ मुलांना भेटेल. हार्फबझला फ्रीटाइप लागते आणि फ्रीटाइपलाही अक्षरे अधिक रेखीव करायला हार्फबझ उपयोगी पडते. दोन्ही सोर्सवरून बांधायची तर आधी कोण? आधी फ्रीटाइप हार्फबझवाचून बांधावे, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप. घाबरायचे कारण नाही. आणि चुकांची लांबलचक यादी आली तर शेवटची नव्हे, पहिली ओळ वाचावी. बाकीच्या बहुधा तिच्यामुळेच आलेल्या असतात. शक्य तिथे डेबियनचे तयार पाकीटच घ्यावे, कारण सोबतची पाकिटे ते स्वतः आणते.

त्या संध्याकाळी मुलीने पिलो नव्याने बांधले. जुना संगणक बराच वेळ घुरघुरत होता. मग प्रश्नाचे उत्तर 'ट्रू' आले आणि पडद्यावर नाव उमटले: सिद्धार्थ. वेलांटी जागेवर, रफार डोक्यावर. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या मुलाच्या घरी जाऊन नवे प्रमाणपत्र देऊन आली. केलेल्या पायऱ्या तिने वहीत उतरवल्या. ती वही आता अभ्यासिकेत टेबलावर असते.

आपल्या मुलांनी संगणक नुसता वापरू नये, उघडून पाहावा, असे मला वाटते ते यासाठी. यादी कुठलीही असो, त्यात आपले नाव नीट लिहिण्याची सोय कोणत्या रकान्यात आहे ते तपासावे. ऐच्छिकच्या रकान्यात दिसली, तर ती आवश्यकमध्ये आणण्याची आज्ञा आपणच द्यायची असते.